लॅनवरचा डीएनएस सर्व्हर अधूनमधून टाइमआउट देतो: उत्तर नेमकं कुठे अडतंय हे कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसच्या लॅनवर १९२.१६८.१.१० या पत्त्यावर एक लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर बाइंड (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा डीएनएस प्रोग्राम) चालतं, आणि सगळ्या मशीनना डीएचसीपीतून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेतून, हाच डीएनएस मिळतो. दिवसातून कितीतरी वेळा एखादं नाव शोधताना पाच-दहा सेकंद जातात, कधी थेट टाइमआउटचा संदेश येतो, आणि लगेच पुन्हा प्रयत्न केला की उत्तर चटकन मिळतं. आयपी पत्त्यावर केलेला पिंग मात्र कधीच अडखळत नाही. सेवा रीस्टार्ट करून झाली, कॅश रिकामी करून झाली. आता दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा सार्वजनिक ८.८.८.८ टाकून द्यावा का?

आत्ता तरी टाकू नका. त्याचं कारण पुढे येईल. आधी तक्रार नीट मांडून घेऊ. टाइमआउट म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तर आलंच नाही. 'एनएक्सडोमेन' आलं तर सर्व्हर सांगतोय की असं नावच नाही. 'रिफ्यूज्ड' आलं तर तो म्हणतोय, तुम्हाला उत्तर देणार नाही. अशा वेळी बाइंडच्या सेटिंगमधलं अलाउ-क्वेरी आणि अलाउ-रिकर्शन (कुणाला उत्तर द्यायचं हे ठरवणाऱ्या ओळी) तपासायचं. 'सर्व्हफेल' आलं तर त्याने प्रयत्न केला आणि तो फसला. या तिन्हींत सर्व्हर बोलतोय. टाइमआउटमध्ये कुणीच काही बोलत नाही, म्हणून त्याचं कारण लॉगमध्ये सहज सापडत नाही, पॅकेटच्या वाटेवर शोधावं लागतं. पिंगचा इथे उपयोग नाही: तो आयसीएमपी वापरतो, डीएनएस यूडीपी आणि टीसीपीचा पोर्ट ५३ वापरतो, आणि फायरवॉल या दोघांना वेगळं वागवू शकते.

वाटेचे तीन टप्पे आहेत. क्लायंटपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत, सर्व्हरच्या आत, आणि सर्व्हरपासून बाहेरच्या डीएनएसपर्यंत. 'दुसऱ्यांदा लगेच मिळतं' या लक्षणावरून माझा पहिला संशय तिसऱ्या टप्प्यावर जातो. क्लायंट पाच सेकंदांनी कंटाळून थांबला तरी सर्व्हर मागे शोध चालू ठेवतो, उत्तर मिळालं की कॅशमध्ये ठेवतो, आणि दुसरी विचारणा कॅशमधूनच भागते. पण पहिल्या टप्प्यात पॅकेट गळत असतील तरी वरून अगदी असंच दिसतं. त्यामुळे संशयावर सेटिंग बदलायची नाहीत, आधी मोजायचं.

सगळ्यात स्वस्त चाचणी ही: तुमच्या स्वतःच्या झोनमधलं (तुमच्याच सर्व्हरवर नोंदवलेल्या नावांच्या गटातलं) नाव, म्हणजे फाइल सर्व्हर किंवा प्रिंटरचं, कधी टाइमआउट होतं का? त्या नावासाठी सर्व्हरला बाहेर कुणाला विचारायचंच नसतं. तीही नावं अडत असतील तर तिसरा टप्पा बाजूला ठेवून पहिल्या दोघांकडे वळा. फक्त बाहेरची नावं अडत असतील तर पहिला टप्पा बहुधा निर्दोष आहे.

आता डिग, म्हणजे डीएनएस सर्व्हरला थेट प्रश्न विचारणारी कमांड. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. क्लायंटवरून एकदा 'डिग @१९२.१६८.१.१०' असं सर्व्हरचं नाव घेऊन विचारा, सर्व्हरवर बसून 'डिग @१२७.०.०.१' करा, आणि सर्व्हरवरूनच थेट फॉरवर्डरला (तुमचा सर्व्हर ज्याच्याकडे प्रश्न पुढे पाठवतो त्या डीएनएसला) विचारा. तिन्ही वेळी '+ट्राइज=१ +टाइम=२' द्या. डिग मुळात पाच सेकंद थांबून एकूण तीन प्रयत्न करतं, त्यामुळे हरवलेलं एखादं पॅकेट पुढच्या प्रयत्नात झाकलं जातं आणि तुम्हाला फक्त 'थोडं हळू' दिसतं. प्रत्येक विचारणेला नवं नाव घ्या, नाहीतर तुम्ही कॅशच मोजत बसाल. दर दोन सेकंदांनी एक अशी ही विचारणा स्क्रिप्टमधून कामाच्या वेळेत तासभर चालवा आणि वेळेसकट नोंदवा. अधूनमधून येणारा दोष हाताने दोन-चारदा पाहून पकडता येत नाही.

यात एक चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि ती फार कमी लोक करतात. अडणारं नाव '+ट्राइज=१ +टाइम=१५' देऊन विचारा. बाइंड एका शोधासाठी डिफॉल्टने दहा सेकंद झटतं आणि मग सर्व्हफेल देतं. क्लायंटचा एकेक प्रयत्न त्याआधीच, पाच सेकंदांनी, संपतो, म्हणून त्याला सहसा सर्व्हफेल दिसत नाही, टाइमआउट दिसतो. पंधरा सेकंद थांबल्यावर दहाच्या आसपास सर्व्हफेल आलं, तर तुमचं लॅन आणि सर्व्हर दोन्ही बोलतायत आणि सर्व्हरला बाहेरून उत्तर मिळत नाहीये, हे एका फटक्यात ठरतं. पंधरा सेकंदांनंतरही शांतता असेल तर पॅकेट पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात हरवतंय.

सेकंदांचा आकडा स्वतःच बरंच सांगतो. लिनक्सचा जीलिबसी रिझॉल्व्हर (प्रोग्रामांच्या वतीने नावं विचारणारा क्लायंटवरचा भाग) प्रत्येक नेमसर्व्हरला पाच सेकंद देतो आणि यादीवरून एकूण दोन फेऱ्या मारतो. म्हणून उशीर तीन, सात, चार असा वेडावाकडा असेल तर सर्व्हर खरोखर हळू आहे. नेमका पाच किंवा दहा असेल तर पॅकेट हरवलं आणि पुढच्या प्रयत्नात काम झालं. विंडोजवर एनएसलुकअपचा टाइमआउट दोन सेकंदांचा असतो. एनएसलुकअप सुरू होताच आधी सर्व्हरच्याच पत्त्याचा उलटा शोध (पत्त्यावरून नाव) घेतं, त्यामुळे उलटा झोन नसेल तर पहिल्याच ओळीत टाइमआउट किंवा 'अननोन' दिसतं. तो तुमच्या नावाचा टाइमआउट नसतो. त्यावरून निष्कर्ष काढू नका, आणि नावाच्या शेवटी पूर्णविराम द्या म्हणजे मागे डोमेनचा प्रत्यय चिकटणार नाही.

पाच सेकंदांचा एक प्रकार इतका फसवा आहे की त्यावर थोडं थांबतो. डिग दर वेळी झटपट उत्तर देतं, पण ब्राउझर किंवा एखादा प्रोग्राम नेमका पाच सेकंद अडतो. कारण डिग फक्त ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ पत्ता; चार-ए म्हणजे आयपीव्ही६ पत्ता) विचारतं, तर प्रोग्राम 'गेटअ‍ॅडरइन्फो' वापरतो आणि तो ए आणि चार-ए अशा दोन विचारणा एकाच सोर्स पोर्टवरून जवळजवळ एकाच क्षणी पाठवतो. काही फायरवॉल आणि राउटर पहिलं उत्तर गेलं की ती नोंद मिटवतात आणि दुसरं उत्तर टाकून देतात. लिनक्सच्या कनेक्शन ट्रॅकिंगमध्येही (चालू जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या भागात) नॅटमधून, म्हणजे पत्ता बदलून, जाणाऱ्या अशा जोडीपैकी एक पॅकेट गळण्याचा प्रकार कंटेनर चालवणाऱ्यांना चांगला परिचित आहे. पाच सेकंदांनी रिझॉल्व्हर दोन्ही विचारणा एकामागोमाग पाठवतो आणि सगळं सुरळीत होतं. हे पकडायचं तर 'गेटएंट एहोस्ट्स' ही कमांड वेळ मोजून चालवा. नुसतं 'गेटएंट होस्ट्स' नको, ते दोन विचारणा एकत्र पाठवत नाही. एहोस्ट्सला पाच सेकंद आणि डिगला पाच मिलिसेकंद, असं निघालं तर रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (क्लायंटवरच्या डीएनएस सर्व्हरच्या यादीच्या फाइलमध्ये) 'ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' टाकून पाहा. अल्पाइनसारख्या मसल लायब्ररीवर चालणाऱ्या इमेज हा पर्याय मानत नाहीत. तिथे फायरवॉलच दुरुस्त करावी लागते. रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-रिझॉल्व्हडीच्या ताब्यात असेल तर हाताने केलेला बदल पुसला जातो, तो त्यांच्या सेटिंगमधून करा. फाइलमध्ये नेमसर्व्हर १२७.०.०.५३ दिसला तर मध्ये सिस्टमडी-रिझॉल्व्हडी आहे, आणि खरा डीएनएस कुठला हे 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' सांगतं.

डिग झटपट आणि प्रोग्राम हळू, याचं दुसरं कारण म्हणजे स्थानिक झोनचं नाव '.लोकल' ठेवणं. हा प्रत्यय २०१३ च्या आरएफसी ६७६२ (इंटरनेटचं मानक) नुसार मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. नावं कुठे कुठल्या क्रमाने शोधायची हे ठरवणाऱ्या एनएसस्विच.कॉन्फमधल्या 'होस्ट्स' ओळीत एमडीएनएस आधी असेल, तर क्लायंट लॅनभर हाक मारून वाट पाहतो आणि तुमच्या सर्व्हरकडे उशिरा येतो किंवा येतच नाही. स्वतःच्या नोंदणीकृत डोमेनचं उपडोमेन वापरणं सगळ्यात चांगलं. घरच्या नेटवर्कसाठी २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने 'होम.अर्पा' दिलेलं आहे.

इथवर काय ठरलं ते पाहू. स्वतःच्या झोनची नावं अडतात की फक्त बाहेरची, पंधरा सेकंदांच्या चाचणीत सर्व्हफेल येतं की शांतता, आणि डिग व एहोस्ट्स यांच्या वेळा जुळतात का. या तीन उत्तरांवरून टप्पा कळतो. खात्री टीसीपीडम्पने (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या कमांडने) करायची: सर्व्हरवर 'टीसीपीडम्प -एन -आय एनी पोर्ट ५३'. एका यशस्वी शोधाच्या, कॅशमध्ये नाव नसताना, निदान चार ओळी दिसायला हव्यात: क्लायंटची विचारणा आत, सर्व्हरची विचारणा बाहेर, बाहेरचं उत्तर आत, क्लायंटला उत्तर बाहेर. कुठली ओळ गायब आहे तेवढंच बघा. पहिलीच नसेल तर विचारणा पोचलीच नाही. पहिली आहे आणि दुसरी नाही, तर अडचण सर्व्हरच्या आत. दुसरी वारंवार जातेय आणि तिसरी येत नाही, तर बाहेर. चौथी सर्व्हरवरून निघालेली दिसतेय पण क्लायंट नाही म्हणतोय, तर परतीच्या वाटेवर.

पहिल्या टप्प्यात दोष असेल तर आधी फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी उघडा आहे का पाहा. टीसीपी फक्त झोन ट्रान्सफरला लागतं हा समज चुकीचा आहे. उत्तर मोठं असलं की क्लायंटला टीसीपीवर यावंच लागतं. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड असतील तर उत्तर भलत्याच पत्त्यावरून निघू शकतं, आणि डिग 'रिप्लाय फ्रॉम अनएक्स्पेक्टेड सोर्स' असं स्पष्ट म्हणतं. मग दोष राउटिंगमध्ये किंवा मधल्या नॅटच्या नियमात असतो. सर्व्हरवर किंवा मधल्या राउटरवर कर्नल लॉगमध्ये 'एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' दिसलं तर कारण मिळालं: प्रत्येक यूडीपी विचारणा तिथे एक नोंद खाते. मर्यादा वाढवा, किंवा खास डीएनएस सर्व्हर असेल तर पोर्ट ५३ ला ट्रॅकिंगमधून वगळा. फक्त वाय-फायवरचे क्लायंट अडत असतील तर डीएनएसला दोष न देता एकदा केबल लावून तीच चाचणी करा.

दुसरा टप्पा लहान नेटवर्कवर क्वचितच दोषी निघतो. आरएनडीसी ही बाइंडला हुकूम देणारी कमांड; 'आरएनडीसी स्टेटस' चालवून रिकर्सिव्ह क्लायंट्सची (उत्तराची वाट पाहणाऱ्या विचारणांची) ओळ पाहा. डिफॉल्टला शेवटचे दोन आकडे ९०० आणि १००० असतात. पहिला आकडा त्यांच्याजवळ पोचत असेल तर मर्यादा वाढवायची घाई करू नका. बाहेरून उत्तरं येत नसल्याने विचारणा साचल्या आहेत का, किंवा एखादं मशीन बेफाम विचारतंय का, हे 'आरएनडीसी क्वेरीलॉग ऑन' करून पाहा. 'एनस्टॅट -एझेड'मध्ये यूडीपी रिसीव्ह बफर एरर्सचा आकडा चढत असेल तर सर्व्हरला पॅकेट वेळेत उचलता येत नाहीयेत. बाइंडऐवजी डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस प्रोग्राम असेल तर तिथे एकाच वेळी १५० विचारणा पुढे पाठवण्याची डिफॉल्ट मर्यादा आहे आणि ती भरली की लॉगमध्ये तसा संदेश येतो.

आता तिसरा टप्पा, जिथे या प्रश्नातली अडचण असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते.

आधी फॉरवर्डर्सची यादी उघडा आणि त्यातल्या प्रत्येक पत्त्याला सर्व्हरवरून स्वतंत्रपणे विचारा. कधीकाळी टाकलेला आणि आता बंद पडलेला एक पत्ता अधूनमधून उशीर करायला पुरतो. बाइंड डिफॉल्टने 'फॉरवर्ड फर्स्ट' चालतं: फॉरवर्डर बोलले नाहीत तर ते स्वतः रूट सर्व्हरपासून (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या सर्व्हरपासून) शोध सुरू करतं. नेटवर्कच्या फायरवॉलने बाहेरचा पोर्ट ५३ फक्त ठरावीक डीएनएसलाच मोकळा ठेवला असेल तर हा दुसरा प्रयत्न फुकट जातो आणि क्लायंटचे सेकंद संपतात. अशा ठिकाणी 'फॉरवर्ड ओन्ली' ठेवा, म्हणजे अपयश लवकर तरी कळेल. फायरवॉल मोकळी असेल तर फॉरवर्डर काढून थेट रूटपासून शोधू देणं हाही चांगला पर्याय आहे. त्याची शहानिशा सर्व्हरवरून 'डिग +ट्रेस' करून होते.

फॉरवर्डर म्हणून राउटरचा पत्ता दिला असेल तर राउटर पुढे कुणाला विचारतो हे पाहाच. राउटरमध्येही डीएनएस म्हणून १९२.१६८.१.१० भरलेला असेल, तर विचारणा दोघांत गोल फिरत राहते. कॅशमध्ये असलेली नावं व्यवस्थित चालतात, नवीन नावं अडतात. टीसीपीडम्पमध्ये एकच नाव राउटर आणि सर्व्हर यांच्यात ये-जा करताना दिसलं की समजायचं.

त्यानंतर आयपीव्ही६. सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता मिळालेला असतो, पण तिथून बाहेर जायचा रस्ता चालू नसतो. बाइंडला रस्ता आहे असं वाटतं, ते काही विचारणा बाहेरच्या सर्व्हरच्या आयपीव्ही६ पत्त्यावर पाठवतं, आणि प्रत्येक फुकट प्रयत्नात वेळ जातो. रस्ता मुळातच नसेल तर लॉगमध्ये 'नेटवर्क अनरीचेबल रिझॉल्व्हिंग' येतं आणि फारसं नुकसान होत नाही. रस्ता आहे पण पॅकेट मधेच नाहीसं होतं, ही अवस्था जास्त वाईट, कारण लॉग गप्प राहतो. तात्पुरतं नेम्ड (बाइंडची सेवा) '-४' पर्यायासह, म्हणजे फक्त आयपीव्ही४ वर, चालवा. डेबियनवर ईटीसी/डिफॉल्ट/नेम्डमधल्या ऑप्शन्स ओळीत, रेड हॅटच्या घराण्यात ईटीसी/सिसकॉन्फिग/नेम्डमध्ये. उशीर थांबला तर आयपीव्ही६ची जोडणी दुरुस्त करा. '-४' कायम ठेवून विसरून जाणं हा उपाय नाही.

पुढचं कारण मोठ्या उत्तरांचं. मूळ डीएनएसमध्ये यूडीपी उत्तराची मर्यादा ५१२ बाइट्स होती, ईडीएनएस या विस्ताराने ती वाढवली. मोठं यूडीपी उत्तर वाटेत तुकड्यांत विभागलं गेलं आणि फायरवॉलने तुकडे टाकून दिले, की पदरी टाइमआउट येतो. व्हीपीएन किंवा पीपीपीओई असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) आधीच कमी असतो, म्हणून तिथे हे जास्त घडतं. ओळखायची खूण अशी की ठरावीक नावंच पुन्हापुन्हा अडतात, विशेषतः डीएनएससेकच्या (उत्तर खरं असल्याची खात्री देणाऱ्या) सह्या असलेली किंवा लांब टीएक्सटी (मजकुराच्या) रेकॉर्डवाली. तेच नाव '+डीएनएससेक +बफसाइझ=४०९६' आणि मग '+बफसाइझ=१२३२' देऊन बाहेरच्या सर्व्हरला विचारा. पहिलं अडलं आणि दुसरं चाललं तर बाइंडमध्ये ईडीएनएस-यूडीपी-साइझ आणि मॅक्स-यूडीपी-साइझ दोन्ही १२३२ करा. २०२० च्या डीएनएस फ्लॅग डेला हाच आकडा सुचवला गेला, आणि नव्या आवृत्त्यांत तो डिफॉल्टच आहे. त्याहून मोठं उत्तर मग टीसीपीवर येईल, म्हणून '+टीसीपी' देऊन बाहेरचा टीसीपी ५३ उघडा असल्याची खात्री त्याच वेळी करून घ्या.

एसएसएच लॉगिन किंवा डेटाबेसची जोडणी हळू होते, पण वेबसाइट ठीक चालतात, असंही दिसत असेल तर तो उलट्या शोधाचा मामला आहे. एसएसएच किंवा डेटाबेसचा सर्व्हर तुमच्या खासगी पत्त्याचं नाव शोधायला जातो, ती विचारणा कधीकधी बाहेर पाठवली जाते आणि तिथे तिला कुणी धड उत्तर देत नाही. १.१६८.१९२.इन-अ‍ॅडर.अर्पा हा झोन तुमच्या बाइंडमध्ये तयार करा, भले त्यात मोजक्याच नोंदी असोत. नाव सापडलं नाही तरी 'नाही' हे उत्तर लगेच मिळतं.

आता ८.८.८.८ बद्दल. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये जास्तीत जास्त तीन नेमसर्व्हर मानले जातात आणि ते क्रमाने विचारले जातात. दुसऱ्याकडे जाण्याआधी पहिल्यावर पाच सेकंद जातातच, म्हणजे उशीर तसाच राहतो, फक्त त्याचं कारण झाकलं जातं. शिवाय पहिला एकदा गप्प बसला की 'फाइलसर्व्हर' हे आतलं नाव बाहेरच्या डीएनएसला विचारलं जातं, तो प्रामाणिकपणे 'असं नाव नाही' म्हणतो, आणि क्लायंट ते उत्तर अंतिम मानून पहिल्याकडे परत जात नाही. विंडोज डोमेनमध्ये तर यामुळे लॉगिनच अडतं. जोडीला दुसरा सर्व्हर हवाच असेल तर लॅनवरच तुमच्या झोनची सेकंडरी प्रत ठेवणारा दुसरा बाइंड उभा करा. तोवर 'ऑप्शन्स टाइमआउट:१ अटेम्प्ट्स:३' टाकून लोकांचा त्रास कमी करायला हरकत नाही, पण मोजणी चालू असताना हे टाकू नका, नाहीतर पाच सेकंदांची खूण हातची जाईल.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तीच तासाभराची स्क्रिप्ट त्याच कामाच्या वेळेत पुन्हा चालवा. रात्री नेटवर्क रिकामं असताना घेतलेली मोजणी दिवसाच्या मोजणीशी ताडून पाहू नका. दोष गेला असं वाटलं तरी दोन-तीन कामाचे दिवस नोंद चालू ठेवा, आणि शेवटी 'आरएनडीसी क्वेरीलॉग ऑफ' करा, नाहीतर डिस्क भरून सर्व्हर पुन्हा अडायला लागेल.